याच्यावर भाकर व्हईल का?

गेल्या डिसेंबरात रतनवाडीला आम्ही तिघी मैत्रिणी एका घरी मुक्कामाला होतो. उजाडताच रतनगडाची वाट धरायची होती आणि त्याआधी चहा हवा होता. घरच्या मावशींना इतक्या पहाटे उठवायचे जिवावर आले, म्हणून मी सारवलेल्या अंगणात एक चपटा दगड ठेवला, सॅकमधून आणलेला माझा डबा, म्हणजे रिकामे डबे एकात एक बसवून घरी केलेली छोटी चूल, त्यावर मांडला, कारवीच्या आणि करवंदीच्या वाळक्या काड्या बोटभर लांबीच्या मोडून त्यात उभ्या भरल्या आणि वरून पेटवल्या. पहिली दोन-तीन मिनिटे पांढरट धूर आला. मग आतल्या डब्याच्या वरच्या कडेला असलेल्या भोकांमधून पिवळ्या ज्योती मध्याकडे वळल्या, धूर एकाएकी थांबला आणि पातेल्याच्या बुडाशी घुमल्यासारखा बारीक आवाज सुरू झाला. मावशी केव्हा उठून दारात आल्या ते मला कळलेच नाही. अंगावरची घोंगडी सावरत त्या माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या, पातेल्याच्या कडेला हात धरून पाहिला, नाक पुढे करून हवेचा वास घेतला आणि म्हणाल्या, “धूर कुठं गेला याचा?” मी उत्साहाने सांगू लागले. हवा खालून कशी शिरते, दोन डब्यांच्या मधून तापत वर कशी चढते, वरच्या भोकांतून आत येऊन धुरालाच कशी पेटवते, हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले, “याच्यावर भाकर व्हईल का?”

“नाही हो मावशी, हे चहापुरतंच आहे,” मी म्हणाले. “बरं,” म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या घराच्या कौलांमधून, एका जागेहून नव्हे तर साऱ्या छपरातून, धूर झिरपू लागला. आम्ही चहा पीत तो बघत होतो.

ते “बरं” रतनगड चढून उतरले तरी माझ्या मनातून उतरले नाही.

डब्याचे कौतुक मला कितीतरी वर्षांचे आहे. रसगुल्ल्याचा एक किलोचा रिकामा डबा आत, त्याहून दोन-तीन बोटे रुंद असा तुपाचा डबा बाहेर, आणि भांडे टेकवायला कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याचे दोन्ही तळ काढून, बाजूंना खिडक्या कापून केलेली बैठक. या तीन डब्यांखेरीज घरातला एक खिळा, हातोडी आणि पत्रा कापायची कात्री एवढ्यावर काम होते. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा आत दबतो आणि डब्याचा आकार बिघडतो, म्हणून मी डब्यात ओली वाळू गच्च भरून मग भोके पाडते. आतल्या डब्याच्या तळाला पंधरा-वीस बारीक भोके, त्याच्याच वरच्या कडेखाली बोटभर अंतरावर चौफेर एक ओळ, आणि बाहेरच्या डब्याच्या खालच्या अंगाला मोठी भोके. बाहेरच्या डब्याच्या झाकणाला मधोमध गोल कापून आतला डबा त्यात घट्ट बसवायचा, म्हणजे मधली तापलेली हवा दुसरीकडून निसटत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यासाठी कधीच वापरू नये, कारण तापल्यावर त्याच्या वाफा विषारी असतात. खाण्याच्या डब्यांनाही आतून जे अस्तर असते ते पहिल्या जाळात जळते आणि घशाशी येणारा वास सुटतो. तेवढा एक जाळ भांड्याशिवाय, उघड्यावर होऊ द्यावा लागतो. त्यानंतर पत्र्याला निळसर-तांबूस झाक येते आणि डबा कामाला तयार होतो.

धूर म्हणजे न जळलेले लाकूड, हे वाक्य मी शाळेत कधी शिकले नाही. ते मला या डब्याने शिकवले. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात. त्यांना पुरेशी धग आणि पुरेशी हवा एकाच जागी मिळाली तर त्यांचा जाळ होतो, नाही तर ते तसेच डोळ्यांत जातात. टॉम रीड या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकात वरून पेटणाऱ्या आणि लाकडाचा वायू वेगळा जाळणाऱ्या छोट्या चुलींवर काम केले. आज जगभरचे डोंगरभटके रिकाम्या डब्यांतून जे करतात त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. मूठ-दोन मूठ काड्यांत अर्धा लिटर पाणी उकळते आणि शेवटी चमचाभर राख उरते. ती राख ओंजळीत घेऊन फुंकून टाकताना मला दर वेळी फार आनंद होतो, आणि आता तोच आनंद थोडा खुपतो.

खरे तर डब्यात जाळ करण्याची विद्या आमच्या घरात आधीपासून होती. नाशिकला वाड्यात राहत असताना हिवाळ्यात आंघोळीचे पाणी भुशाच्या शेगडीवर तापत असे. लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा आणायचा. तेलाच्या जुन्या डब्याला खाली बाजूने एक मोठे भोक असे. त्यातून एक काठी आडवी आत सरकवायची, डब्याच्या मधोमध रिकामी बाटली उभी धरायची, आणि तिच्या भोवतीने भुसा मुठीने दाबून दाबून भरायचा. हे दाबणे वडिलांचे काम. भुसा सैल राहिला तर मधला बोगदा ढासळतो आणि शेगडी नुसती धुमसत बसते, म्हणून ते गुडघा टेकवून, अंगाचा भार देऊन भुसा ठासत. मग बाटली हलकेच फिरवत वर ओढायची. ती निघताना “फस्” असा आवाज येई आणि मागे गुळगुळीत, काळोखी विहीर राही. खालची काठी काढून त्या वाटेने रॉकेलमध्ये बुडवलेला काकडा आत सरकवला की आगीची एक नळी उभी राही. ती न ढवळता, न फुंकता चार-चार तास जळे. चिंचेच्या झाडाखाली, थंडीत, तिच्या भोवती बसून आम्ही भावंडे पाय शेकत असू. तापलेल्या पत्र्याचा, ओलसर भुशाचा आणि रॉकेलचा मिळून एक वास येई, तो आजही वखारीसमोरून जाताना अर्धवट भेटतो.

मात्र त्या शेगडीवर कोणी भाकरी केल्याचे मला आठवत नाही.

भाकरी आजीकडे. सिन्नरजवळच्या गावी तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले की आधी डोळे मिटावे लागत. भिंती वरच्या अर्ध्या भागात डांबरासारख्या काळ्या, आढ्याला काजळीच्या लोंबी, आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, जेथे धूर कमी असे, तेथे आजीचे तोंड. चुलीपाशी ती नेहमी वाकूनच असे. लोखंडी फुंकणी ओठांना लावून ती गाल फुगवी, निखाऱ्यांत ठिणग्या उडत आणि पाठोपाठ तिला खोकल्याची उबळ येई. भांड्यांच्या बुडाला ती आधी मातीचा लेप देई, म्हणजे नंतर काजळी मातीसकट निघून येई. भांड्यासाठी एवढी काळजी घेणाऱ्या बाईच्या छातीला कसलाच लेप नव्हता. घरातल्या जळणाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आजी त्याच्या कितीतरी आधी गेली. शेवटच्या दोन हिवाळ्यांत तिला जिना चढता येत नव्हता, आणि घरात सगळे त्याला वय म्हणत.

तिच्या घरी एकदा निर्धूर चूल आली होती, आणि ही आठवण मला या लेखासाठी महत्त्वाची वाटते. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडली तेव्हापासून आपल्याकडे बिनधुराच्या चुलीचा ध्यास आहे. १९८३ मध्ये केंद्र सरकारनेही निर्धूर चुलींचा कार्यक्रम हाती घेतला आणि अशा चुली गावोगाव पोचल्या. आजीची चूल मातीची, लांबट, दोन भांडी बसतील अशी, मागे छपरातून बाहेर जाणारी धुराड्याची नळी. वडिलांनी ती हौसेने बसवून घेतली. पुढल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा चुलीचे अरुंद तोंड दोन्ही बाजूंनी फोडून रुंद केलेले होते, नळी तिरकी झाली होती आणि खोली पहिल्यासारखीच धुराने भरलेली होती. वडील आजीवर ओरडले नाहीत, पण जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आजीने त्यांना भाकरी वाढली, तिच्यावरचा पापुद्रा नेहमीसारखा टम्म फुगलेला. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. शिकलेल्या माणसाने चांगले आणून द्यावे आणि अडाणी माणसाने ते मोडावे, असाच त्या गोष्टीचा अर्थ मी मनात धरून ठेवला, आणि फार वर्षे तो तसाच राहिला.

मधल्या काळात मी शीतपेयांच्या कॅनपासून स्पिरिटची चूलही केली. दोन कॅनचे तळ कापून एकमेकांत बसवायचे, कडेने टाचणीने भोके पाडायची आणि आत मेणचटपणा नसलेले स्वच्छ स्पिरिट ओतायचे. तळहातावर मावणारी, वीस ग्रॅमही न भरणारी ती चूल दिसायला अतिशय देखणी असते आणि तिची निळी ज्योत फुलासारखी उमलते. पण ही ज्योत भर उन्हात दिसतच नाही. एकदा माझ्या मैत्रिणीला ती विझली असे वाटले आणि तिने बाटलीतून पुन्हा स्पिरिट ओतले. जाळ धारेवरून थेट बाटलीकडे चढला. बाटली तिने वेळेत लांब फेकली म्हणून मनगटावरच्या फोडांवर भागले. त्या दिवसापासून मी स्पिरिट सोडले. कोणी करून बघणार असेल तर त्याला माझे कळकळीचे सांगणे आहे की चूल हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय पुन्हा भरू नये, आणि ओतायला बाटली कधीच वापरू नये, लहान झाकणाने मोजून घालावे. काड्यांचा जाळ निदान दिसतो, आणि त्याचा आवाजही येतो.

जानेवारीभर मी गच्चीवर मावशींच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते. तेलाचा पंधरा लिटरचा चौकोनी डबा आणला. त्याच्या बाजूला खाली एक गोल भोक कापून, दोन लहान डब्यांचा कोपर आत बसवला, म्हणजे आडव्या तोंडातून लाकूड आत सरकवायचे आणि उभ्या नळीतून जाळ वर जायचा. नळीच्या भोवतीची सगळी पोकळी चाळलेल्या राखेने भरली, कारण राख धग बाहेर जाऊ देत नाही. आडव्या तोंडात मधोमध पत्र्याची एक फळी ठेवली, तिच्यावर लाकूड आणि खालून हवा. लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत मांडलेल्या रॉकेट चुलीचीच ही रीत आहे आणि ती खरोखर काम करते. तीन काटक्यांवर नळीतून असा जाळ उठला की खालच्या मजल्यावरच्या काकूंना गॅस गळतो आहे असे वाटून त्या धावत वर आल्या. लोखंडी तवा ठेवला आणि नागलीची भाकरी थापली. वरून पाणी फिरवले, उलटली, ठिपके पडले. फुगवण्यासाठी, शहरात आपण गॅसवर करतो तसा, तवा बाजूला काढून चिमट्याने ती जाळावर धरली. ती फुगली. मी आणि काकूंनी ती तेथेच, उभ्या उभ्या, मिठाच्या खड्याबरोबर खाल्ली. उत्तर सापडले असे मला अगदी मनापासून वाटले.

फेब्रुवारीच्या शेवटी तो डबा घेऊन मी रतनवाडीला गेले. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने जाताना समोरच्या उतारांवर वणव्याचे काळे पट्टे पडलेले दिसत होते. या दिवसांत गवत इतके वाळलेले असते की एक निखारा पुरतो, आणि म्हणूनच मी गडावर किंवा रानात डबा कधीच पेटवत नाही. अभयारण्यात तर तशी मनाईच आहे, आणि ती अगदी योग्य आहे. मावशींच्या अंगणात चूल मांडली. घरात एका कोपऱ्यात गॅसचा सिलिंडर होता, त्यावर धुतलेले फडके घातलेले. “तो पाव्हण्यांच्या चहाला,” त्या म्हणाल्या. “भरून आणायचा तर पैसं आन् एक दिवस जातो.”

त्यांनी परात ओढली, पीठ मळले आणि मी जाळ धरला. पहिली भाकरी तव्यावर पडली. धूर नव्हता. मावशींनी मान हलवून मला शाबासकी दिली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. भाकरी उलटली, ठिपके पडले आणि त्यांचा हात तव्याच्या खाली, समोर, जेथे चुलीचे तोंड असते तेथे गेला आणि थांबला. तेथे काहीच नव्हते. दुसरी भाकरी त्यांच्या तळव्यांत थापून तयार होती, तव्यावर जायला थांबलेली. मी घाईने तवा उतरवायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “असं किती येळा उतरवायचा? माझ्या पंधरा हायेत.”

तेव्हा मला दिसले. गच्चीवर मी एक भाकरी केली होती. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाताखाली एका वेळी तीन असतात. एक परातीत थापली जाते, एक तव्यावर असते आणि एक चुलीच्या तोंडाशी, पुढे ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी टेकवलेली, आपल्या आपण फुगत असते. या तिघींचा एक फेरा असतो आणि तो कोठेही थांबत नाही. मावशींनी चिमटा आडव्या नळीत घालून निखारे बाहेर ओढायचा प्रयत्न केला. चिमट्याला चिमूटभर पांढरी राख लागून आली. “हे तर इस्तूबी खाऊन टाकतंय,” त्या आश्चर्याने म्हणाल्या, आणि ते शब्दशः खरे होते. लाकडाचा कणन्‌कण जळावा म्हणूनच मी तो डबा तसा केला होता, आणि भाकरीला नेमका तो उरलेला विस्तव हवा होता.

त्यांनी मुलाला हाक मारून छन्नी मागवली. मला न विचारता नव्हे, एकदा माझ्याकडे पाहून, मी मान डोलावल्यावर. आतला कोपर त्यांनी उपसून काढला, राख अंगणात ओतली, आणि डब्याची समोरची बाजू थेट जमिनीपर्यंत, वीतभर रुंद, कापून काढली. मग त्यात जाळ घातला. आधी ज्योत लवलवली, मग धूर आला, घरातल्या चुलीहून कमी पण आलाच. निखारे पडू लागले तसे त्यांनी ते चिमट्याने पुढे ओढले, भाकरी त्यांच्यासमोर टेकवली आणि चेहरा डावीकडे वळवून, डोळे किलकिले करून दुसरी थापायला घेतली. चेहरा वळवण्याची ती रीत मी ओळखत होते. भाकरीचा पापुद्रा हळूहळू सुटा झाला आणि टम्म फुगला. मला त्या क्षणी सिन्नरजवळच्या त्या खोलीतली फोडलेली निर्धूर चूल दिसली, दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत, नीट, हिशेबाने फोडलेली, आणि ताटावर गप्प बसलेले वडील दिसले. आजीला कोणी विचारलेच नव्हते. मीही विचारले नव्हते, आणि आता विचारायला ती नाही.

आम्ही जेवलो. नागलीची भाकरी, लसणीचा ठेचा आणि उडदाचे पातळ वरण. धुराने माझे डोळे चुरचुरत होते. भाकरी गच्चीवरच्यापेक्षा कितीतरी चांगली झाली होती, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नव्हत्या.

निघताना मावशींनी लहान डबा मागून घेतला. मुलगा पहाटे दुधाच्या गाडीवर जातो, त्याच्या चहापुरती चूल पेटवायला नको, म्हणाल्या. मोठा डबा त्यांनी उचलून पाहिला, कापलेल्या कडेचा पत्रा दोन बोटांत धरून वाकवला. तो सहज वाकला. “पातळ हाय. पावसाळ्यापावतर जळून जाईल. पुढल्या टायमाला जाड पत्रा बघ, ताई.” मी सॅकमधून सुतळी काढून त्यांच्या तव्याचे माप घेतले, तोंडाच्या रुंदीचे घेतले, आणि भाकरी निखाऱ्यांपासून किती लांब उभी राहते ते विचारले. त्यांनी चुलीसमोर बसून हात जमिनीवर आडवा टेकवला आणि चार बोटे दाखवली. मी सुतळीला तेथे गाठ मारली.